कुंपणाबाहेरचा मुलगा

फ्लॉरिडातल्या दुपारी ऊन मी म्हणत असते. ऑर्लँडोजवळच्या ‘एपकॉट’ या उद्यानात सकाळपासून फिरून पायांचे तुकडे पडलेले असतात. कडेवरचे पोर झोपलेले, हाताशी धरलेले रडकुंडीला आलेले, आणि पुढच्या खेळाची रांग अजून तासाभराची! अशा वेळी माणसाला ना परी हवी असते, ना राजवाडा. त्याला हवी असते बसायला एक जागा, थोडी गार हवा आणि पेलाभर थंड पाणी.

२०१६ मध्ये याच एपकॉटमधल्या काचेच्या मनोऱ्यांच्या एका इमारतीत, वरच्या मजल्यावर, अशी एक जागा उघडली. गार हवा, मऊ कोच, फुकट शीतपेये, थोडे खायला आणि फोन चार्ज करायची सोय. मात्र दारात ओळखपत्र दाखवावे लागे. हे दार कुणा नटनट्यांसाठी किंवा कोट्यधीशांसाठी नव्हते. डिस्ने कंपनीच्या सुट्टीच्या घरांत ज्यांनी ‘टाइमशेअर’ घेतला होता, अशा बहुतांशी मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी ते होते. बाकीच्यांनी खालूनच पुढे जायचे.

हे ऐकले की जुन्या पिढीतले लोक हळहळतात. वॉल्ट डिस्ने असता तर असे झाले नसते, असे म्हणतात. सगळ्यांसाठी एकच दार ठेवणाऱ्या माणसाच्या अंगणात ही भेदाभेदाची खोली आली कुठून? पण वॉल्टचे आयुष्य बारकाईने पाहिले तर उत्तर इतके सरळ मिळत नाही. उघडे फाटक त्याचेच होते आणि बंद खोलीही त्याचीच होती. ही दोन्ही एकाच माणसाच्या मनात कशी नांदली, त्याचीच ही गोष्ट.

दुसऱ्यांच्या ओसरीवरची खेळणी

वॉल्टचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागोत झाला. वडील इलायस कडक स्वभावाचे, कष्टाळू, पण हात लावील त्या धंद्यात खोट खाणारे. १९०६ मध्ये कुटुंब मिसूरीतल्या मार्सेलीन या लहानशा गावी शेतीसाठी गेले. सफरचंदाची झाडे, गुरे, जवळून धडधडत जाणारी आगगाडी यांत या मुलाची चार-पाच वर्षे गेली. पुढे जन्मभर तो त्याच चार-पाच वर्षांची चित्रे काढत राहिला, असे म्हटले तरी चालेल.

शेती बुडाली. १९११ मध्ये कुटुंब कॅन्सस सिटीला आले आणि वडिलांनी वर्तमानपत्रे टाकण्याचा ठेका घेतला. नऊ-दहा वर्षांचा वॉल्ट आणि मोठा भाऊ रॉय पहाटे साडेतीनला उठून, बर्फ असो वा पाऊस, दारोदार पेपर टाकत. वडील बाहेरच्या पोरांना त्याचे पैसे देत, पण स्वतःच्या मुलांना नाही. घरचे काम म्हणून करायचे, एवढाच हिशेब! सुखवस्तू घरांच्या ओसरीवर तिथल्या मुलांची खेळणी रात्रभर पडलेली असत. वॉल्ट अंधारातच क्षणभर थांबून त्यांच्याशी खेळे, मग ती जशीच्या तशी ठेवून पुढच्या घराकडे पळे. ही आठवण त्याने मोठेपणी अनेकदा सांगितली.

त्याच शहरात फेअरमाउंट पार्क नावाचे एक करमणूक उद्यान होते. वॉल्ट आणि धाकटी बहीण रूथ कुंपणाबाहेर उभी राहून आतली रोषणाई बघत. त्यांच्यासाठी ती आत शिरता न येणारी परीनगरी होती, असे रूथने पुढे सांगितले. ज्याने जगातले सर्वांत प्रसिद्ध उद्यान उभारले, त्याची उद्यानाशी पहिली ओळख ही अशी कुंपणाबाहेरून झाली.

कागदावर काय लिहिले आहे?

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सोळा वर्षांच्या वॉल्टने वय वाढवून सांगितले आणि रेडक्रॉसची गाडी चालवायला तो फ्रान्सला गेला. परत आल्यावर कॅन्सस सिटीत व्यंगपटांची कंपनी काढली. १९२३ मध्ये तिचे दिवाळे वाजले. खिशात चाळीस डॉलर घेऊन तो हॉलिवूडला गेला आणि रॉयच्या जोडीने पुन्हा मांडणी केली. स्वप्ने धाकट्याने पाहायची आणि पैशांचे थोरल्याने, ही वाटणी तेव्हा जी झाली ती आयुष्यभर टिकली.

१९२७ मध्ये त्यांचा ऑस्वाल्ड नावाचा ससा लोकांना आवडला. १९२८ च्या सुरुवातीस जादा पैसे मागायला म्हणून वॉल्ट न्यूयॉर्कला गेला, तर वितरकाने उलट पैसे कमी करायचे ठरवले होते. करारानुसार ससा वॉल्टचा नव्हताच! चित्रे काढणारी बरीच मंडळीही वितरकाने आपल्याकडे वळवून घेतली होती. जे आपण आपले समजत होतो ते कागदावर दुसऱ्याचे आहे, हा धडा वॉल्टला सव्वीसाव्या वर्षी मिळाला. तो त्याने पुन्हा कधी विसरला नाही. त्यानंतर अब आयवर्क्स या जिवलग चित्रकाराच्या मदतीने मिकी माउस जन्मला. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी ‘स्टीमबोट विली’ पडद्यावर आला आणि मिकीच्या शिट्टीने अमेरिका वेडी झाली. या वेळी मालकी मात्र डिस्ने बंधूंची होती.

सर्वांत वरच्या मजल्यावरचा क्लब

डिसेंबर १९३७ मध्ये ‘स्नो व्हाइट’ आला. तिकिटांच्या पैशातून बरबँकला नवा स्टुडिओ उभा राहिला. जुन्या स्टुडिओत सगळे दाटीवाटीने काम करत, मालकाला वॉल्ट म्हणूनच हाक मारत. १९४० मध्ये उघडलेली नवी वास्तू सुंदर होती: वातानुकूलित खोल्या, उत्तम प्रकाश, झाडी. चित्रकारांच्या इमारतीच्या माथ्यावर एक क्लब होता. तिथे उपाहारगृह, व्यायामशाळा, न्हावी, उन्हात पडायला गच्ची, सगळे काही. चांगले काम करणाऱ्यांना चांगले मिळावे, असा वॉल्टचा भाव असावा.

पण या क्लबात प्रवेश होता तो वरच्या पगाराच्या पुरुष मंडळींना. खालच्या मजल्यांवर तुटपुंज्या पगारात तासन्‌तास रेखाटने करणारी पोरे, आणि पारदर्शक पत्र्यांवर शाई-रंग भरणाऱ्या मुली, यांना तिथे वाव नव्हता. आजवर ज्याला सगळे आपला माणूस समजत होते, त्याच्या घराला आता पायऱ्या झाल्या होत्या आणि कोण कितव्या पायरीवर आहे हे सगळ्यांना दिसत होते.

त्यात युरोपातल्या युद्धाने बाहेरची बाजारपेठ बंद पडली. ‘पिनोकिओ’ आणि ‘फँटॅसिया’ यांत पैसा अडकला. नोकऱ्यांवर गदा आली. २९ मे १९४१ रोजी स्टुडिओच्या फाटकावर संप सुरू झाला. कारणे बरीच होती: पगारातली तफावत, पडद्यावर नाव न मिळणे, संघटनेला मान्यता, बडतर्फी. एका क्लबामुळे कुणी संप करत नाही. पण मनात साठलेल्या रागाला डोळ्यांपुढे दिसणारी एखादी वस्तू लागते, आणि ती वरच्या मजल्यावर आयती होती.

वॉल्टच्या हे जिव्हारी लागले. आपण मुलांसारखे वागवलेले लोक उलटले, असे त्याने मनाशी घेतले. यामागे कम्युनिस्टांचा हात आहे, हा ग्रह त्याने अखेरपर्यंत सोडला नाही. १९४७ मध्ये संसदीय समितीपुढे त्याने तशी साक्षही दिली, आणि त्यातून काही माजी सहकाऱ्यांवर डाग लागला. लहानपणी ओसरीवरची खेळणी परत ठेवणाऱ्या मुलाला, खालच्या मजल्यावरच्या पोरांना काय वाटत असेल हे कळू नये, ही त्याच्या आयुष्यातली मोठी खंत म्हणावी लागेल.

बाकावरचा बाप

संपानंतर वॉल्टचे मन स्टुडिओतून थोडे उडाले. सुट्टीच्या दिवशी तो डायान आणि शॅरन या दोन मुलींना घेऊन लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात जाई. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर फेऱ्या मारत आणि बाप बाकावर बसून शेंगदाणे खात त्यांची वाट पाही. मुलांसाठी घोडे आहेत आणि आईबापांसाठी फक्त वाट पाहणे आहे, हे त्याला खटकले. दोघांनाही एकत्र मौज करता येईल अशी जागा का नसावी? डिस्नेलँडचे बीज या बाकावर पडले, असे तो स्वतःच सांगे.

त्या काळची अमेरिकन उद्याने म्हणजे कळकट जत्राच. १९५१ मध्ये त्याने कोपेनहेगनचे टिव्होली पाहिले. स्वच्छता, दिवे, फुले, बसायला जागा आणि मुलाबाळांसह निवांत फिरणारी कुटुंबे. हे जमू शकते, अशी त्याची खात्री पटली.

मात्र पैसा कुठून आणायचा? सदैव सावध असलेला रॉय सुरुवातीला तयार नव्हता. वॉल्टने आयुर्विम्यावर कर्ज काढले, सुट्टीचे घर विकले. अखेर एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने ५ लाख डॉलर घातले आणि ४५ लाखांच्या कर्जाला हमी दिली. बदल्यात वॉल्टने त्यांना साप्ताहिक कार्यक्रम द्यायचा होता. दुकाने आणि दालने मोठमोठ्या कंपन्यांना भाड्याने दिली गेली. ॲनाहाइमच्या संत्र्यांच्या बागांत १६० एकर जागेवर, सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर खर्चून, डिस्नेलँड वर्षभरात उभे राहिले. म्हणजे ते पहिल्या दिवसापासून एकट्या वॉल्टचे नव्हतेच. पैसे घालणाऱ्यांचा त्यात वाटा होता. पुढचे सगळे या एका गोष्टीतून निघाले.

१७ जुलै १९५५, रविवार. निमंत्रितांचा दिवस, पण खोट्या तिकिटांमुळे दुप्पट गर्दी झाली. कडक उन्हात ओले डांबर मऊ होऊन बायकांच्या उंच टाचा रुतल्या. नळकारागिरांच्या संपामुळे प्यायच्या पाण्याचे सगळे नळ तयार नव्हते. वर्तमानपत्रांनी यथेच्छ टीका केली. तरी दोन महिन्यांच्या आत दहा लाखावा पाहुणा आत आला. प्रौढांना प्रवेशशुल्क होते एक डॉलर.

उद्यानाला मुख्य दार एकच. सभोवती मातीचा उंच बांध, बाहेरचे जग दिसू नये म्हणून. साहेबलोकांसाठी आत कचेरी बांधायला वॉल्टने नकार दिला होता. त्यांनी पाहुण्यांबरोबर रांगेत उभे राहावे, तिथेच जेवावे, म्हणजे काय दुखते-खुपते ते कळेल, असे त्याचे म्हणणे असल्याचे सहकारी सांगत. कुंपणाबाहेरच्या त्या मुलाने अखेर सगळ्यांसाठी दार उघडले होते.

खिडकीतला दिवा

पण त्या दाराच्या आत लगेच डाव्या हाताला अग्निशमन दलाची एक लुटुपुटीची इमारत आहे. तिच्या वरच्या मजल्यावर लाल मखमलीच्या फर्निचरची एक छोटीशी जागा वॉल्टने स्वतःसाठी आणि पत्नी लिलियनसाठी ठेवली होती. उद्घाटनाच्या दिवशी तिथल्या खिडकीतून आत येणाऱ्या गर्दीकडे तो पाहत होता आणि त्याच्या गालावर अश्रू ओघळले होते, अशी आठवण शेजारी उभ्या असलेल्या एका बालकलाकार मुलीने पुढे सांगितली. ज्याने एवढे उभारले त्याला पाठ टेकायला एक खोली हवी, यात कुणाला काही वावगे वाटणार नाही. त्या खिडकीतला दिवा आजही त्याच्या आठवणीसाठी तेवत ठेवतात.

दुसरी खोली निराळी. १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी वॉल्टच्या माणसांनी फोर्ड, जनरल इलेक्ट्रिक, पेप्सी अशा कंपन्यांची आणि इलिनॉय राज्याची दालने सजवली. तिथे बड्या कंपन्यांच्या दालनांत खास पाहुण्यांसाठी राखीव बैठका होत्या. अशी एक जागा डिस्नेलँडमध्येही असावी, असे वॉल्टला वाटले. पैसे लावणाऱ्या कंपन्यांचे साहेब येतात, त्यांना नीट जेवू घालायला नको का? न्यू ऑर्लिन्सच्या धर्तीवर बांधलेल्या चौकात, ३३, रॉयल स्ट्रीट या पत्त्यावर, वरच्या मजल्यावर ‘क्लब ३३’ चे काम सुरू झाले. सजावटकारासोबत लिलियन न्यू ऑर्लिन्सला जाऊन जुन्या वस्तू निवडून आली. जिथे बाहेर कुठेही मद्य मिळत नसे, त्या उद्यानात इथे मात्र ते मिळणार होते.

क्लब १९६७ मध्ये उघडला. तो पाहायला वॉल्ट नव्हता. १५ डिसेंबर १९६६ रोजी, पासष्टाव्या वाढदिवसानंतर दहा दिवसांनी, स्टुडिओसमोरच्याच रुग्णालयात फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला होता. पण क्लबची कल्पना त्याचीच. पुढे व्यक्तींनाही सदस्यत्व मिळू लागले, हजारो डॉलर मोजून आणि वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत थांबून.

जिथे कुणीच मालक नसणार होते

मृत्यूपूर्वी वॉल्टचे डोळे फ्लॉरिडाकडे लागले होते. दलदलीची सुमारे २७ हजार एकर जमीन निरनिराळ्या नावांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप विकत घेतली गेली होती. तिथे त्याला नुसते उद्यान नको होते. एपकॉट नावाचे, वीस हजार वस्तीचे, उद्याचे शहर हवे होते. ऑक्टोबर १९६६ मध्ये चित्रित केलेल्या पटात त्याने ते नकाशासह समजावले. त्यातली एक अट लक्षात ठेवण्याजोगी आहे: शहरात जमिनीचा मालक कुणीही असणार नव्हता. सगळे भाडेकरू. मालकीबरोबर मताचा अधिकार येतो आणि तो कंपनीला नको होता. ऑस्वाल्ड ससा गमावलेल्या माणसाला मालकीचा अर्थ पुरता कळला होता!

ते शहर कागदावरच राहिले. निवृत्तीला आलेल्या रॉयने भावाच्या नावाने १ ऑक्टोबर १९७१ रोजी फ्लॉरिडातले उद्यान उघडले आणि डिसेंबरात तोही गेला. १९८२ मध्ये एपकॉट आले ते शहर म्हणून नव्हे, कायमचे जागतिक प्रदर्शन म्हणून. दालनांना पुन्हा मोठ्या कंपन्यांचा पैसा, आणि त्या कंपन्यांच्या पाहुण्यांसाठी राखीव बैठका.

काचेच्या मनोऱ्यांचे दालन कोडॅकच्या पैशावर उभे राहिले. तिथे वरचा मजला मुलांचा होता. रंग, प्रकाश, आवाज यांच्याशी कितीही वेळ खेळा, वेगळे तिकीट नाही. १९९८ मध्ये तो बंद झाला. पुढे कोडॅकही गेले. आणि २०१६ मध्ये त्याच वरच्या मजल्यावर आपण सुरुवातीला पाहिलेली सदस्यांची खोली उघडली.

पोट दाखवणारा करार आणि पाठ दाखवणारी सोय

हा टाइमशेअर म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. सुट्टीच्या गावी एका घराचे अनेक वाटेकरी आणि प्रत्येकाला वर्षातले काही दिवस, ही मूळ कल्पना साठच्या दशकात युरोपात रुजली. डिस्नेने १९९१ मध्ये आपली योजना काढली ती पॉइंटांची. एकदा मोठी रक्कम भरायची, दर वर्षी ठरावीक पॉइंट मिळतात, ते मोडून राहायचे. वर देखभालीचा वार्षिक आकार. ही कायद्याने स्थावरातली हिस्सेदारी, पण मुदतीची. पहिल्या रिसॉर्टची मूळ मुदत २०४२ पर्यंतची, आणि मुदत संपली की हिस्सा कंपनीकडे परत.

आता गंमत बघा. राहण्याचा हक्क करारात आहे. गार खोलीत बसण्याचा नाही. ती सवलत आहे, कंपनीच्या मर्जीची. एप्रिल २०१६ पासून ज्यांनी जुन्या सदस्याकडून हिस्सा विकत घेतला, त्यांना राहता येते, पण अशा जादा सवलती मिळत नाहीत. घर तेच, देखभालीचा आकार तोच, दार मात्र बंद.

ही बाब आपल्याला परकी नाही. आपल्याकडेही नव्वदच्या दशकापासून टाइमशेअरवाले मध्यमवर्गाच्या घरात पोचले आहेत. भेटवस्तूचे आमिष, हॉटेलातला चहा, जोडीने येण्याचा आग्रह, आणि सही आजच करा ही घाई, हे अनेक घरांनी अनुभवले आहे. अशा वेळी ऑस्वाल्डची गोष्ट आठवावी. रंगीत पुस्तिकेत काय छापले आहे याहून, सहीच्या कागदावर काय लिहिले आहे ते महत्त्वाचे. खोली, पोहण्याचा तलाव, खास बैठक, यांतले हक्काचे किती आणि मर्जीचे किती, एवढे दोन रकाने घरी बसून मांडले तरी पुष्कळ.

ज्यांनी वर्षानुवर्षे हप्ते भरून तो हिस्सा घेतला, त्यांना हसण्याचे कारण नाही. तान्ह्या मुलाच्या आईला त्या गार खोलीचे मोल विचारा! पण वॉल्टच्या तीन खोल्या शेजारी-शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. अग्निशमन दलावरची खोली थकलेल्या कर्त्याची होती. क्लब ३३ पैसे लावणाऱ्यांच्या पाहुणचारासाठी होता. त्या दोन्हींमुळे बाहेरच्या कुणाचे काही कमी झाले नाही. स्टुडिओच्या माथ्यावरचा क्लब मात्र एकत्र राबणाऱ्यांत उभा राहिला आणि घर दुभंगले. सदस्यांची खोली यांपैकी कुठे बसवायची? ज्या दिवशी ती भरेल आणि बाहेरचे बाक, पाण्याचे नळ, सावली यांकडे दुर्लक्ष होईल, त्या दिवशी ती तिसऱ्या प्रकारात जाईल. बाहेर सावली शाबूत असेल, तर तिचा कुणी हेवाही करणार नाही.

ग्रिफिथ पार्कातल्या त्या काळच्या बाकांपैकी एक डिस्नेलँडमध्ये जपून ठेवला आहे. साधा लाकडी बाक. वॉल्ट त्यावर बसला तेव्हा त्याला कुणी ओळखपत्र विचारले नव्हते. शेजारी दुसरा कुणी बाप येऊन टेकला असता, तर त्यालाही विचारले नसते.